करला, महिला, पकिया: एका ग्रामसभेच्या बांबूची मोजणी (प्रकल्प नोंदी)

12 जानेवारी 2025

ग्रामसभेत आज ठराव झाला आणि लेझर स्कॅनरने बांबू मोजायचं काम सुरू झालं. गाव कुरखेडा तालुक्यातलं, जिल्हा गडचिरोली. गावाचं नाव या नोंदींत येणार नाही. कुठल्या भागात किती बांबू उभा आहे हे बाहेर कळू नये अशी ग्रामसभेची अट आहे आणि ती मला पूर्ण पटते.

सामूहिक वनहक्काचं जंगल नऊशे हेक्टरांच्या आसपास. साग, ऐन, धावडा, बीजा, तेंदू, मोह, आणि या सगळ्यांच्या खाली बांबू, म्हणजे मानवेल. वनहक्क कायदा 2006 चा. याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. पुढे जिल्ह्यातल्या शेकडो गावांनी तोच रस्ता धरला, त्यातलं हे एक. हक्काबरोबर जंगल सांभाळायचा आराखडा करणंही आलं. गावाने तो मेहनतीने केला आहे, पण त्यातला बांबूचा आकडा दहा-बारा जागी मोजून सगळ्या जंगलाला लावलेला. गेल्या दोन हंगामांत नाल्यापलीकडची बांबूची बेटं (झुबके) विरळ झाली असं लोक म्हणतात. किती विरळ झाली आणि कशामुळे, ते नक्की कुणाला सांगता येत नाही.

बैठकीत एक वयस्कर गृहस्थ, सगळं गाव त्यांना आजा म्हणतं, शेवटी एवढंच बोलले: "मॅडम, मशीन आणली, चांगलं केलं. आमाले एवढं सांगा का यंदा किती तोडाचा अन् किती ठेवाचा." तो प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. काम संपेल तेव्हा त्याचं उत्तर हातात हवं.

14 जानेवारी

साहित्य पोचलं. हातात धरून चालायचा एक लेझर स्कॅनर भाड्याने, आणि तिपाईवर ठेवायचा एक, उसना. त्याशिवाय टेप, खडू, जीपीएस, आणि चार पांढरे गोळे (ते खुणांसाठी).

ड्रोन आणलेला नाही. 2021 च्या ड्रोन नियमांत परवानगीची रीत आता बरीच सोपी झाली आहे, तरी हा भाग वेगळा आहे. वरून भिरभिरणारी वस्तू कुणाची, हे गावाला पोलीस आणि नक्षलवादी अशा दोन्ही बाजूंकडून विचारलं जाऊ शकतं. आम्ही निघून जाऊ, गाव इथेच राहणार आहे. शिवाय बांबू झाडांच्या छत्राखाली असतो, त्यामुळे तो वरून नीट दिसतच नाही. चालतच मोजायचं.

ग्रामसभेच्या वन समितीतल्या पोरांना यंत्र कसं चालतं ते सांगितलं. लेझरचा ठिपका जातो, खोडावर आपटतो, परत येतो; जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. एका नॅनोसेकंदाचा फरक म्हणजे 15 सेंटिमीटर. असे सेकंदाला लाखो ठिपके जमले की जंगलाचा ठिपक्यांचा ढग तयार होतो. एका पोराने विचारलं, "पानामागचं दिसते का?" नाही दिसत. लेझर आरपार जात नाही. म्हणूनच प्रत्येक बेटाभोवती चहूबाजूंनी फिरावं लागणार.

16 जानेवारी

माहिती कोणाची, यावर आज दोन तास बोलणं झालं. ठरलं ते असं: सगळा कच्चा डेटा ग्रामसभेच्या कपाटातल्या दोन हार्ड डिस्कवर राहील. आमच्याकडे कामापुरती प्रत, काम संपलं की पुसायची. देवाची जागा आणि तिच्या भोवतालचा पट्टा स्कॅन करायचा नाही. मधाची झाडं नकाशावर दाखवायची नाहीत.

हे सगळं मी लेखी करून घेतलं. ठिपक्यांच्या ढगातून एखाद्या गावाचं अख्खं जंगल खिशात घालून नेता येतं. त्यासाठी विचारायलाच हवं.

19 जानेवारी

पहिला दिवस जंगलात. आठ जण, त्यांतले दोघं फक्त आजूबाजूला लक्ष ठेवायला, कारण या पट्ट्यात वाघ आहे. सूर्य चांगला वर आल्यावर आत शिरलो, उतरतीला बाहेर.

चालत्या स्कॅनरचा एक नियम आहे: फेरी जिथून सुरू केली तिथेच संपवायची. यंत्र आधीचे ठिपके आणि आताचे ठिपके जुळवत स्वतःची जागा ओळखत असतं, आणि प्रत्येक पावलाला थोडी चूक साचत जाते. सुरुवातीच्या जागी परत आलो की त्याला ती चूक कळते आणि मागची सगळी वाट ते सरळ करून घेतं. पहिल्या फेरीत आम्ही नाल्याशी थांबून तिथूनच बाहेर पडलो. संध्याकाळी ढग उघडला तर एकच ऐन दोनदा उभा, मध्ये हातभर अंतर. ती फेरी उद्या पुन्हा.

20 जानेवारी

फेरी पुन्हा केली. झाडं उत्तम आली. जमिनीपासून 1.37 मीटरवर, वनखात्यात जिला छाती-गोलाई म्हणतात त्या उंचीवर, ढगाचा दहा सेंटिमीटर जाडीचा काप घ्यायचा आणि ठिपक्यांवर वर्तुळ बसवायचं. वीस झाडं टेपने मोजून ताडली. सागाला एक-दीड सेंटिमीटरच्या आत फरक. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चिरलेली असते, तिथे थोडा जास्त.

बांबूच्या बाबतीत मात्र निराशा. एक काठी जेमतेम तीन-चार सेंटिमीटर जाड, आणि या स्कॅनरचा स्वतःचाच थरथराट दोन सेंटिमीटरचा. कापात काठ्यांच्या जागी नुसता धुरळा. एका बेटात हाताने मोजले तर 43 बांबू, यंत्राला सापडले 19.

24 जानेवारी

आता रीत बदलली. चालत्या स्कॅनरने सगळ्या नमुना-क्षेत्रांतली झाडं आणि बेटांच्या जागा, त्यांचा घेर, त्यांची उंची. निवडक बारा बेटं मात्र तिपाईच्या स्कॅनरने, प्रत्येकाभोवती सहा जागांवरून. हा मिलिमीटरांत बोलतो. वेळ खातो, पण एकेक काठी वेगळी दिसते, पेर दिसतं, पेरावरचा डोळासुद्धा दिसतो. ही बारा बेटं म्हणजे मॉडेलचे (संगणकातल्या शिकणाऱ्या प्रोग्रामचे) मास्तर: बेटाचा घेर, उंची आणि दाटी बघून आत किती बांबू असतील हे त्यांच्याकडून शिकायचं आणि बाकीच्या बेटांना लावायचं.

पहिलं बेट लॅपटॉपवर फिरवून दाखवलं तेव्हा वन समितीतल्या एक मावशी पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा वाकला तो हत्तीनं वाकवला." बरोबर होतं. 2021 च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून आलेला रानटी हत्तींचा कळप या तालुक्यातही फिरला, आणि बांबू त्यांचा आवडता.

2 फेब्रुवारी

आजचा दिवस नीट लिहून ठेवायला हवा.

बारा बेटांतल्या पाचांचं स्कॅन झालं होतं. मी खुशीत होते: काठ्यांची संख्या जुळत होती, जाडी जुळत होती. आजा सोबत आले होते. त्यांना म्हटलं, "या बेटात एकतीस आहेत, आराखड्याच्या नियमाप्रमाणे आठ ठेवले तरी तेवीस निघतील." ते काही बोलले नाहीत. बेटाजवळ गेले, एका काठीवर अंगठा फिरवला आणि अंगठा माझ्यासमोर धरला. त्यावर पांढरट पूड होती, पिठासारखी. "हा करला होय. मागच्या पावसातला. याले हात नाही लावाचा." शेजारच्या काठीवर पूड नव्हती, रंग गडद हिरवा, पेरावरचं खवल्यासारखं कोशपर्ण गळून पडलेलं, फांद्या फुटलेल्या. "हा महिला. यालेही नाही." मग आतल्या बाजूची एक पिवळसर, डागाळलेली काठी कोयत्याच्या पाठीने ठोकली. "हा पकिया. हा घ्याचा."

करला, महिला, पकिया. पहिल्या वर्षाचा, दुसऱ्या वर्षाचा, आणि त्यापुढचा. कापणीचा सगळा नियम या तीन शब्दांवर उभा आहे, आणि माझ्या ढगात त्यांतला एकही नाही.

याचं कारण मला माहीत होतं. त्याचा अर्थ मात्र आज कळला. झाड दरवर्षी जाड होतं, म्हणून दोन वर्षांनी पुन्हा स्कॅन केलं की वाढ मोजता येते. बांबू जमिनीतून निघतो तोच पूर्ण जाडीचा. काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतो, आणि मग आयुष्यभर तेवढाच. पहिल्या वर्षाची आणि पाचव्या वर्षाची काठी आकाराने सारखीच. लेझर आकार मोजतो. बांबूचं वय आकारात नसतं.

आणि वय चुकवून चालत नाही. नवे कोंब जमिनीखालच्या कोवळ्या कंदांतून येतात, त्यांना पोसतात ते करला आणि महिला. ते कापले तर पुढच्या पावसात बेट रिकामंच राहतं.

एकतीसपैकी पकिया चौदा होते. त्यांतले आठ ठेवले तर निघणार सहा. मी तेवीस म्हणाले होते.

4 फेब्रुवारी

वयाचं काय करायचं यावर दोन वाटा. एक, लेझरचा ठिपका किती जोरात परत आला याची नोंद तिपाईचा स्कॅनर ठेवतो. पूड चढलेली काठी आणि डागाळलेली काठी यांच्यात त्या जोरात फरक पडायला हवा. दोन, त्याच जागेवरून घेतलेले रंगीत फोटो ठिपक्यांवर चढवायचे, म्हणजे हिरवा, पिवळा आणि कोशपर्णाचा तपकिरी रंग मॉडेलला दिसेल.

दोन्हींसाठी खरी उत्तरं लागणार. आजा, मावशी आणि आणखी तिघं मिळून बारा बेटांतल्या प्रत्येक काठीला चिठ्ठी बांधणार आहेत: क, म, प. त्यांच्या दिवसाची मजुरी प्रकल्पातून, तंत्रज्ञाला देतो त्याच दराने. यावर मी अडून बसले आणि ते मान्य झालं.

15 फेब्रुवारी

आजपासून वणव्याचा हंगाम, 15 जूनपर्यंत. समितीने जाळरेषा काढल्या. त्यासाठी आमच्या स्कॅनमधून निघालेला जमिनीचा उतार आणि पाचोळा कुठे साठतो त्याचा नकाशा दिला. त्यांनी त्यावर आणखी दोन पायवाटा काढल्या, ज्या आम्हाला ठिपक्यांत दिसल्या नव्हत्या.

22 फेब्रुवारी

चिठ्ठ्या पूर्ण. साग जवळजवळ उघडा झाला आहे, पानं गळाल्याने वरपर्यंत स्वच्छ दिसतंय. फिरत्या स्कॅनरची उरलेली नमुना-क्षेत्रं या आठवड्यात उरकली.

संध्याकाळी मॉडेलचं काम. ठिपके वेगळे करायला पॉइंटनेट प्लस प्लस नावाचं मॉडेल घेतलं आहे: जमीन, खोड, पाला, बांबू, झुडूप. झाडं एकेक सुटी करायला आधी एक तयार मॉडेल लावून बघितलं, ते नॉर्वे, चेक प्रजासत्ताक, ऑस्ट्रिया, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया इथल्या जंगलांवर शिकलेलं. त्याने मानवेलीचं अख्खं बेट एक झाड धरलं, आणि मोहाच्या पसरट फांद्यांचे चार तुकडे केले. त्याने इथलं जंगल कधी पाहिलेलंच नाही. आपल्या पानगळीच्या जंगलाचे, बांबूचे, मोहाचे असे खुणा केलेले ढग हवे तेवढे उपलब्धच नाहीत. ते इथल्या लोकांनी, इथल्या भाषेतल्या नावांनी करायला हवेत.

3 मार्च

चार दिवस आम्ही सगळे आनंदात होतो, कारण करला-महिला-पकिया ओळखण्यात मॉडेल 100 पैकी 91 काठ्या बरोबर सांगत होतं. आज लक्षात आलं की चाचणी चुकीची होती. शिकवायच्या आणि तपासायच्या काठ्या एकाच बेटातून उचलल्या होत्या. एका बेटावर एकाच वेळी, एकाच उन्हात फोटो काढलेले; मॉडेल वयाऐवजी त्या बेटावरचा उजेड ओळखायला शिकलं. मग अकरा बेटांवर शिकवून बाराव्यावर तपासलं, असं बारा वेळा. आकडा 64 वर आला.

करला बरा ओळखतो, पूड आणि कोशपर्णामुळे. महिला आणि पकिया यांत गोंधळ. आणि नेमका तिथेच गोंधळ परवडत नाही, कारण तिथेच कुऱ्हाड पडते.

64 हाच आकडा ग्रामसभेला सांगणार. 91 अहवालात राहू देणार नाही.

14 मार्च

धुळवड. काम बंद. मावशींच्या घरी जेवण.

20 मार्च

मोह पडायला लागला. पहाटे चारपासून गाव जंगलात. स्कॅनिंग नाहीच, आणि आम्ही मध्ये येऊही नये.

मोहाबद्दल एक नोंद. मॉडेलच्या यादीत घनफळाने सगळ्यात मोठी झाडं मोहाची आली. कुणी नुसता तो तक्ता पाहिला तर त्याला तिथे लाकूड दिसेल. यातली कित्येक खोडं आतून पोकळ आहेत, लेझरला ते कळत नाही. आणि पोकळ नसती तरी एका मोहावर एका घराचं वर्षाचं बरंच काही चालतं. तक्त्यात मोहासमोर घनफळाचा रकानाच काढून टाकला, त्या जागी कोणत्या घराचं झाड ते लिहिलं.

27 मार्च

एका दलालाचा फोन. जंगलातल्या कार्बनचे पैसे मिळवून देतो, फक्त स्कॅनचा डेटा द्या. हिशोब तसा सोपा आहे: सुक्या वजनाच्या 47 टक्के कार्बन, त्याला 44 भागिले 12 ने गुणलं की कार्बन डायऑक्साइड. पण तीस-चाळीस वर्षांचे करार असतात, आणि त्या काळात निस्तार (घरच्या गरजेपुरतं जंगलातून घेणं), चराई, बांबू यांचं काय होणार हे त्याला सांगता आलं नाही. ग्रामसभेपुढे जसाच्या तसा निरोप ठेवला. ग्रामसभेने नाही म्हटलं.

6 एप्रिल

हत्ती आल्याची खबर. पाच दिवस जंगल बंद.

घरी बसून अंतराळातल्या लेझरशी ताडून बघितलं. नासाचं जेडी नावाचं यंत्र डिसेंबर 2018 मध्ये अंतराळ स्थानकावर गेलं. ते 25 मीटर व्यासाच्या एकेका ठिपक्यात झाडांची उंची मोजतं. आमच्या क्षेत्रांवर पडलेले थोडे ठिपके मिळाले. माथ्याची उंची बऱ्यापैकी जुळते. खालच्या बांबूबद्दल त्यातून काही निघत नाही.

18 एप्रिल

आज जे सापडलं त्याने या कामाची दिशाच बदलली, आणि ते इतके दिवस दिसलं नाही ही माझी चूक.

ढग साफ करताना मी जमिनीपासून अर्ध्या मीटरपर्यंतचं सगळं गाळत होते. गवत, पाचोळा, रोपटी: मोजणीत त्यांचा उपद्रव होतो, म्हणून सगळेच गाळतात. समितीतला एक मुलगा खुणा करायला शिकला आहे. त्याने चुकून न गाळलेली फाइल उघडली आणि विचारलं, "मॅडम, हे आखूड-आखूड खुंट काय मोजाचे का?"

बांबूचे खुंट. नियमाप्रमाणे तोड जमिनीपासून 15 ते 45 सेंटिमीटरच्या दरम्यान करायची असते. म्हणजे मागच्या हंगामांत कापलेली प्रत्येक काठी तिच्या जागेसह ढगात होती, आणि मी ती रोज केराबरोबर फेकत होते.

30 सेंटिमीटरवर काप घेतला आणि वरून पाहिलं. नाल्यापलीकडच्या बेटांत खुंटांचं कडं बाहेरच्या अंगाला, सगळीकडून. मध्ये जुन्या, वाळक्या, एकमेकांत अडकलेल्या काठ्यांचा गच्च गठ्ठा. नाल्याच्या अलीकडे उलट: खुंट आतून, एका बाजूने वाट करून, घोड्याच्या नालेसारखे, बाहेरच्या कडेला कोवळ्या काठ्या शाबूत.

बांबूचं बेट बाहेरच्या बाजूने वाढतं. नवा करला कडेलाच येतो. बाहेरून कापलं की कोवळं जातं आणि म्हातारं राहतं.

रात्री उशिरापर्यंत बाराही बेटं आणि त्यानंतर फिरत्या स्कॅनरची जमतील तेवढी तपासली. दोन्ही भागांतल्या खुंटांची संख्या जवळपास सारखी आहे. पलीकडे जास्त तोड झालेली नाही. तोड चुकीच्या जागी झाली.

20 एप्रिल

आजांना छापील काप दाखवला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तिकडं बाहेरगावची टोळी लावली होती. नगावर मजुरी. आत शिरून काढाले वेळ लागते, काटक्या लागतात अंगाले. बाहेरचा पटकन निघते." तोडणाऱ्यांवर त्यांचा राग नव्हता. माझाही नाही. काठीमागे पैसे ठरले असतील तर माणूस जवळची काठीच कापणार.

9 मे

तेंदूपत्ता सुरू. गाव पहाटेपासून जंगलात आणि संध्याकाळी फळीवर (पानं गोळा करायच्या जागी), पुडे बांधून द्यायला. आम्ही आकडेमोड करतोय. पारा 44 च्या वर गेला, लॅपटॉप ओल्या फडक्यावर ठेवून चालवावा लागतो.

मॉडेल आता काठीचं वय सांगायच्या नादातून बाहेर काढलं. त्याला तीनच गोष्टी विचारायच्या, ज्या त्याला खरोखर येतात: बेटात अंदाजे किती काठ्या, खुंट कुठल्या अंगाला, आणि मधला गठ्ठा किती दाट. त्यावरून बेटांचे तीन वर्ग: निरोगी, बाहेरून कापलेलं, आतून कोंदलेलं. बाराव्या बेटाच्या रीतीने तपासलं तरी हा वर्ग 100 पैकी 87 वेळा बरोबर येतो. कुठली काठी कापायची ते कोयता हातात असलेला माणूसच ठरवेल, अंगठा फिरवून.

25 मे

ग्रामसभा. शाळेच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावला. आधी 64 चा आकडा सांगितला, मग खुंटांचे नकाशे. चर्चा माझ्या हातात राहिली नाही, आणि ती राहू नयेच.

बायका पुढे बसल्या होत्या. त्यांतल्या एकीने विचारलं, वास्त्यांचं काय? पावसात कोवळे कोंब भाजीला काढले जातात, तेही नवे बांबूच. त्याचा हिशोब आम्ही केलेलाच नव्हता. तिथल्या तिथे ठरलं की कोंदलेल्या बेटांतून वास्ते काढायचे नाहीत, बाकीच्यांतून घरच्यापुरते.

ठराव असे झाले. नाल्यापलीकडचा भाग दोन वर्षं व्यापारी तोडीला बंद. तिथे फक्त मधला वाळका, अडकलेला माल काढून बेटं मोकळी करायची. मजुरी नगावर न देता आतून काढलेल्या बांबूला वेगळा, चढा दर. बाहेरगावची टोळी लावायची झाली तर पहिले तीन दिवस गावातलं एक जाणतं माणूस सोबत. यंदाच्या तोडीचा आकडा मागच्या आराखड्यातल्या आकड्याच्या जवळपास निम्मा.

निम्मा म्हणजे हंगामातले पैसे निम्मे. शांतता झाली. एक तरुण उठून म्हणाला, त्याने मोटारसायकल हप्त्यावर घेतली आहे. त्याचं म्हणणंही इतिवृत्तात लिहून घेतलं. नंतर बेटं मोकळी करायच्या मजुरीत ज्यांची कमाई तोडीवर आहे त्यांना पहिला हक्क, असा आणखी एक ठराव झाला. तो माझ्या अहवालात नव्हता आणि सगळ्यात चांगला तोच आहे.

14 जून

पाऊस आला. भाड्याचा स्कॅनर परत. दोन्ही हार्ड डिस्क समितीच्या कपाटात, किल्ली अध्यक्षांकडे आणि मावशींकडे. आमची प्रत, त्या बारा बेटांपुरती सोडून, त्यांच्यासमोर पुसली.

27 जुलै

फोनवर बातमी: करला निघायला लागला. मावशी म्हणाल्या, बाराव्या बेटात सहा, नवव्यात एकही नाही. नववं म्हणजे बाहेरून कापलेलं.

21 सप्टेंबर

दोन दिवसांसाठी गावात. सगळं हिरवं, वाट सापडेना, जळवा.

वयाच्या खुणांसाठी आजांनीच उपाय सुचवला होता. दरवर्षी पावसानंतर बारा बेटांतल्या नव्या करल्यांना कमरेच्या उंचीवर रंगाचा पट्टा ओढायचा, दरवर्षी वेगळा रंग. चार-पाच वर्षांत प्रत्येक काठीचं वय पट्ट्यावरून खात्रीने कळेल, चिठ्ठ्या बांधायला नकोत, आणि मॉडेललाही तोपर्यंत खरी उत्तरं मिळतील. समितीच्या पैशांतून रंग आणला. यंदा पिवळा.

पोरं ब्रश घेऊन पुढे, आजा मागे काठी टेकत. नवव्या बेटाशी थांबलो. जुलैत तिथे काही नव्हतं. मधला गठ्ठा जूनमध्ये काढून टाकला होता, तिथे उजेड पडलेला. आजांनी काठीने पाला बाजूला केला. कडेला एक करला आला होता, गुडघ्याएवढा, उशिराचा, कोशपर्णात गुंडाळलेला. कमरेची उंची त्याला अजून नाही, म्हणून पोराने पट्टा ओढला नाही. शेजारी खुंटी ठोकली आणि खुंटीला रंग लावला. वहीत लिहिलं: बेट 9, करला 1.